गणित वाचून दाखवणारी बाई

प्रार्थना संपून मुलं वर्गात गेली आणि मुख्याध्यापिकाबाईंनी मला ऑफिसात बोलावलं. त्यांना शाळेत सगळे एच.एम. मॅडम म्हणत. टेबलावर माझ्या पाचवीच्या वर्गाचा हजेरीपट उघडा होता. अकरा नावं. नवव्या नावापुढं त्यांनी पेन्सिलीनं एक बारीक टिंब दिलेलं होतं.

"परीक्षेच्या दोन्ही दिवशी हिला ताप येऊ दे," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "मॅडम, ती तर चांगली आहे. बाहेर खेळतेय."

त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडं नुसतं बघितलं. मग मला कळलं.

आमची शाळा म्हैसूरजवळ मेटगळ्ळीच्या कारखान्यांच्या मागं होती. सरकारी, कन्नड माध्यमाची, पहिली ते पाचवी. पाचवीच्या मुलांना वर्षाच्या शेवटी खात्याकडून आलेले पेपर सोडवावे लागत. पेपर सगळीकडं सारखे, पर्यवेक्षक दुसऱ्या शाळेचे, तपासणारेही दुसरेच. मग शाळावार निकालाची यादी लागायची. आदल्या वर्षी त्या यादीत आम्ही जवळजवळ तळाला होतो. पटही कमी होत चालला होता. दीड किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेत आम्हाला मिळवून टाकायचं, असं अधिकाऱ्यांच्या बोलण्यात येऊ लागलं होतं. अकरा मुलांच्या वर्गात एका मुलाचे पाच-सहा मार्क म्हणजे सगळ्या शाळेचा निकाल खाली. एच.एम. मॅडम वाईट नव्हत्या. स्वयंपाकीण आली नाही तर स्वतः पदर खोचून सांबाराची फोडणी घालणारी ती बाई. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि आपल्या हातानं शाळेला कुलूप लावायची वेळ येऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं.

"ती हुशार आहे मॅडम," मी म्हटलं. "गणितात तर वर्गात पहिली."

"तुम्ही वर्गात असता तेव्हा," त्या म्हणाल्या. "तुम्ही नसाल तेव्हा?"

ही मुलगी दीड वर्षापूर्वी, चौथीच्या मध्यात आमच्याकडं आली होती. जत तालुक्यातली. वडील मेटगळ्ळीत एका ओतकामाच्या वर्कशॉपमध्ये लागले होते. तोपर्यंत ती गावच्या मराठी शाळेत शिकली होती. पहिल्या दिवशी ती दाराशी उभी राहिली. बाकीची मुलं "मिस्, मिस्" करत होती आणि ही म्हणाली, "बाई, आत येऊ का?"

त्या एका "बाई"नं मी विरघळले. आमचं घराणं म्हैसूरच्या जुन्या घोडदळातल्या मराठ्यांचं. चार-पाच पिढ्या इथंच गेल्या. घरात मराठी बोलतो, पण ती निम्मी कन्नडच. माझ्या मुलांना तर "जा, ये, जेव" यापलीकडं फारसं येत नाही. आणि इथं माझ्या वर्गात कुणी स्वच्छ, खणखणीत मराठीत माझ्याशी बोलत होतं. मी "सुम्ने बस" म्हटलं की ती हसायची. "बाई, सुम्ने म्हणजे काय वो?" सुम्ने म्हणजे उगीच, गप्प, हे मी तिला सांगायची आणि मलाही हसू यायचं.

मग सवय लागली. वर्गाला कन्नडमध्ये शिकवायचं आणि तिच्या बाकाजवळ जाऊन तेच मराठीत सांगायचं. गणिताचं उदाहरण असलं की मी ते फळ्यावरून तिला मराठीत वाचून दाखवायची. माझं वाक्य संपायच्या आत तिचं उत्तर तयार. बाकीची मुलं बोटं मोजत असायची तेव्हा हिचा हात वर. मला अभिमान वाटायचा. तिच्या आईला मी दोनदा सांगितलं होतं, "तुमची मुलगी फार हुशार आहे."

एच.एम. मॅडमच्या त्या प्रश्नाचा मला राग आला होता. राग आला तो प्रश्न खरा असल्यामुळंच. त्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर मी सगळ्या वर्गाला गणिताचा एक जुना पेपर दिला. "आज मी काही सांगणार नाही. ज्याचं त्यानं वाचायचं," असं म्हणून खुर्चीत बसले.

बेरीज-वजाबाकीचे आकडे तिनं पाच मिनिटांत संपवले. मग वाक्यांतली उदाहरणं आली. तिनं पेन्सिल खाली ठेवली. माझ्याकडं बघितलं. मी वहीत डोकं घातलं. पुन्हा वर बघितलं तर ती अजून माझ्याकडंच बघत होती, शांतपणे, नेहमीसारखी मी येईन म्हणून. दहा मिनिटं गेली. वीस गेली. तिच्या चेहऱ्यावरचा विश्वास हळूहळू गेला आणि त्या जागी भीती आली. घंटा झाली तेव्हा दहा उदाहरणांची जागा कोरी होती. दीड वर्षात तिला कन्नड अक्षरं आली होती, नाव लिहिता येत होतं, फळ्यावरचं उतरवून घेता येत होतं. वाचून अर्थ लावता येत नव्हता. तशी वेळ मी तिच्यावर कधी येऊच दिली नव्हती.

काय ते ठरवायला एच.एम. मॅडमनी मला शनिवारपर्यंत मुदत दिली होती. शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. जाताना माझ्या मनात काय होतं, ते खरं सांगायचं तर मलाही नीट ठाऊक नव्हतं. दोन दिवस घरी ठेवा म्हणायचं आणि सुटायचं, असंही वाटत होतं. कोऱ्या पानांचा तो पेपर पिशवीत होता.

पत्र्याच्या छपराच्या खोल्यांची ओळ होती. तिची आई एका कारखान्याच्या कँटीनमध्ये भांडी घासायची आणि नुकतीच परत आली होती. मला बघून तिनं घाईनं चटई टाकली, चहा ठेवला. मुलगी बाहेर नळावर पाणी भरत होती.

"परीक्षेचं सांगाय आलाय व्हय बाई?" ती म्हणाली. "त्या दोन दिसाची मी सुट्टी टाकलीय. तिला शाळंत सोडाय येणार हाय मी."

मी पिशवीतून पेपर काढला आणि तिच्यासमोर ठेवला. तिनं उलटसुलट करून बघितला.

"हे कोरं कशापाई?"

"तिला कन्नड वाचून समजत नाही."

"आन् तुम्ही तर हुशार हाय म्हणत हुता."

"हुशार आहे. मी तिला सगळं मराठीत सांगत आले. त्यामुळं ती शिकली नाही. चूक माझी आहे."

चहा उतू गेला. तिनं उठून गॅस बंद केला आणि पाठ माझ्याकडं करून तशीच उभी राहिली.

"दीड वरीस झालं बाई," ती शेवटी म्हणाली. तिचा आवाज वर चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "दीड वरीस मी सगळ्यास्नी सांगतीय, माझ्या पोरीला आपल्या भाषेची बाई भेटली. नशीब म्हनून."

मला त्या क्षणी तिथून उठून जावंसं वाटत होतं. तरी मी ते वाक्य बोलले. "शाळेत म्हणतात, परीक्षेला नाही आली तरी चालेल."

ती वळली. "चालंल कुणाला?"

चहा तिनं दिला. मी तो तसाच गरम प्यायले, आणि निघताना म्हटलं, "उद्यापासून मी तिच्याशी मराठी बोलणार नाही. ती रडेल, चिडेल. तुम्ही मध्ये पडू नका. आणि परीक्षेला तिला घेऊन या."

शनिवारी एच.एम. मॅडमना मी सांगितलं की ती बसणार. त्यांनी हजेरीपटावरचं ते टिंब रबरानं पुसलं. "तुमची जबाबदारी," एवढंच म्हणाल्या आणि मला उभी ठेवूनच पुढच्या कागदाला हात घातला.

परीक्षेला तीन आठवडे होते. मी गणिताच्या उदाहरणांत पुन्हा पुन्हा येणारे शब्द काढले. ओट्टु म्हणजे एकूण. उळिद म्हणजे उरलेले. समनागि म्हणजे सारखे. असे सतरा-अठरा शब्द जाड कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहिले. अर्थ लिहिला नाही. रोज शाळा सुटल्यावर एक तास तिला थांबवून घ्यायची, खडूच्या डब्यातले तुकडे टेबलावर मांडायची आणि कन्नडमध्येच विचारायची.

पहिल्या दिवशी तिला ती गंमत वाटली. "बाई, मराठीत सांगा की." मी कन्नडमध्ये उत्तर दिलं. तिनं पुन्हा मराठीत विचारलं. मी पुन्हा कन्नडमध्ये. तिसऱ्यांदा तिचा आवाज कापला. "बाई, माझं काय चुकलं?"

तिचं काहीच चुकलं नव्हतं, हे तिला समजेल अशा भाषेत मी सांगू शकत होते. जिभेवर आलेलं मी गिळलं आणि चिठ्ठीकडं बोट दाखवलं.

चौथ्या दिवशी तिनं चिठ्ठ्या टेबलावरून खाली ढकलून दिल्या. मी वाकून एकेक गोळा केली. ती खिडकीकडं तोंड करून बसली होती आणि मान हलत होती, म्हणजे रडत होती. वर्गातल्या पोरींच्याही लक्षात आलं होतं. एकीनं विचारलंच, "मिस्, तुम्ही हिच्यावर रागावलात का?" त्यानंतर जतची ती मुलगी मला "बाई" म्हणायची बंद झाली. तीही "मिस्" म्हणू लागली. घरी जाऊन मी नवऱ्याला म्हटलं, "ही परीक्षा झाली की मुलगी माझं तोंडही बघणार नाही." तो म्हणाला, "मग बोल ना तिच्याशी एक वाक्य." मला भीती वाटत होती की एक वाक्य बोलले तर पुढचीही बोलेन.

दुसऱ्या आठवड्यात एकदा मी बारा खडू मांडले, पाच उचलून मुठीत घेतले आणि चिठ्ठी पुढं केली. तिनं अक्षरं जोडली. उ. ळि. द. टेबलावरच्या खडूंकडं बघितलं. मग अगदी हळू, स्वतःशीच, मराठीत म्हणाली, "उरलेले." मी मान हलवली नाही. तिला माझ्या होकाराची गरज पडलीही नाही, पुढची चिठ्ठी तिनं स्वतःच ओढली. मी फळा पुसायच्या निमित्तानं पाठ फिरवली, कारण माझे डोळे भरले होते.

पण अठरा शब्द म्हणजे काही भाषा नव्हे. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी सराव पेपरातली दहापैकी चार उदाहरणं तिला समजत होती. कधी पाच. कधी दोनच.

परीक्षेच्या दोन्ही दिवशी पर्यवेक्षक म्हणून मला बोगादीच्या एका शाळेत नेमलं होतं. आमच्या शाळेवर कोण येणार ते ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये बसले तेव्हा ती आईचा हात धरून शाळेकडं चालली असेल, एवढंच मनात येत होतं. बोगादीला फोन ऑफिसात जमा करावा लागला. आदल्या दिवशी भाषेचा आणि परिसराचा पेपर झाला होता, आज गणित. पेपर वाटला आणि मी पहिल्यांदा तो बघितला. शेवटच्या दोन पानांवर सगळी वाक्यांतली उदाहरणं होती. नेहमीपेक्षा लांब. मी एकेक ओळ वाचत होते आणि मनात खूण करत होते, हा शब्द तिला येतो, हा येत नाही, हा येतो, हा कधी घेतलाच नाही.

पाऊण तास झाल्यावर तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. मी जवळ गेले. तिनं एका ओळीवर बोट ठेवलं आणि कुजबुजली, "मिस्, एवढं वाचून सांगा ना."

एका वाक्याचं काम होतं. आमच्या शाळेतही या क्षणी कुणीतरी अनोळखी बाई अशाच एका बाकाजवळ उभी असेल आणि तिनं वाचून दाखवावं असं मला जीव तोडून वाटत होतं. "तूच वाच, सावकाश," मी म्हटलं आणि पुढं गेले. त्या मुलीनं मान खाली घातली. नंतर तिनं काही लिहिलं की नाही, ते बघायचा मला धीर झाला नाही.

दोन बस बदलून मी आमच्या शाळेत पोचले तेव्हा मुलं गेली होती. एच.एम. मॅडम ऑफिसला कुलूप लावत होत्या.

"घंटा होईपर्यंत लिहीत होती," त्यांनी मी विचारायच्या आत सांगितलं. "पेपर हातातून ओढून घ्यावा लागला म्हणे. काय लिहिलंय ते देवाला ठाऊक."

पुढच्या आठवड्यात शहरातल्या एका हायस्कूलच्या हॉलमध्ये पेपर तपासणी होती. उत्तरपत्रिकांवर शाळेचं नाव नसतं, नुसता आकडा. माझ्या वाट्याला परिसर विषयाचे पेपर आले होते. समोरच्या टेबलावर गणिताचे गठ्ठे. जेवणाच्या सुट्टीला थोडा वेळ उरला असताना तिथले एक वयस्कर सर हसत उठले आणि एक उत्तरपत्रिका वर धरून म्हणाले, "ही बघा गंमत! कुणीतरी शेवटची दोन पानं हिंदीत लिहिलीत."

हॉलमध्ये हसू पिकलं. दोघं-तिघं बघायला गेले. मी जागेवरूनच बघितलं आणि ते गोल, डावीकडं झुकलेलं अक्षर ओळखलं. पहिली पानं कन्नड आणि इंग्रजी आकड्यांत. शेवटची दोन देवनागरीत, आकडेसुद्धा.

"माध्यम कन्नड आहे. शून्य द्या आणि पुढं चला," कुणीतरी म्हणालं.

सरांनी लाल पेन उघडलं. मी उठले. त्यांच्या टेबलाजवळ जाऊन मी म्हटलं, "सर, ते हिंदी नाही. मराठी आहे."

"तुम्हाला वाचता येतं?"

मी वाचलं. उदाहरण बांगड्यांचं होतं. एका डब्यात बारा अशा पंधरा डब्यांतल्या अठ्ठावीस बांगड्या फुटल्या, तर किती उरल्या? तिनं लिहिलं होतं, "उरलेल्या बांगड्या १५२." खाली आणखी तीन उदाहरणं. दोन बरोबर. एक चुकलेलं, कारण "जोडी" हा शब्द तिनं एक वस्तू म्हणून धरला होता. म्हणजे तिनं वाचलं होतं. कुणीही शेजारी नसताना तिनं ती कन्नड वाक्यं वाचली होती, समजून घेतली होती, आणि वेळ संपत आला तेव्हा लिहायला मात्र पटकन हाताशी येणारी भाषा धरली होती. मी कागद टेबलावर ठेवला.

मुख्य परीक्षक आले. त्यांनी पेपर बघितला, मग मला बघितलं. "हा कुणाचा पेपर आहे, तुम्हाला ठाऊक आहे?"

नाही म्हणता आलं असतं. मराठी वाचणारी एक शिक्षिका, एवढंच राहिलं असतं.

"हो," मी म्हटलं. "माझ्या वर्गातली आहे."

"मग तुमचं मत इथं चालणार नाही. जागेवर जा."

मी गेले. त्यांनी हॉलमधल्या एका हिंदीच्या बाईंना बोलावून तो पेपर त्यांच्याकडं दिला. त्या बाईंनी आकडेमोडीचे मार्क दिले, उत्तराच्या वाक्यांचे कापले. संध्याकाळी मला एक कागद दिला गेला. गुप्त क्रमांकाचा पेपर ओळखल्याचं उघड केलं, त्याबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा द्यावा.

निकाल लागला. गणितात ती काठावर पास झाली. भाषेत सगळ्यांत खालची श्रेणी. शाळेचं नाव यादीत आदल्या वर्षीपेक्षा एक घर खाली सरकलं. अधिकारी आले, ऑफिसात बसले. माझा खुलासा त्यांच्या फाइलीत होता. त्यांनी एच.एम. मॅडमना विचारलं, "मॅडम, ही एक मुलगी नसती तर तुम्ही कुठं असता, हिशेब केलात का? अशा वेळी थोडं डोकं चालवायचं असतं."

एच.एम. मॅडम माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "सर, डोकं मी चालवलं होतं. या टीचरनी ऐकलं नाही." थोडं थांबून त्या पुढं म्हणाल्या, "पण ती मुलगी पटावर आहे. तिला बसवू नका, असं मला तुम्ही लिहून द्या, मग पुढच्या वेळी बसवणार नाही."

अधिकाऱ्यांनी फाइल बंद केली. त्या बोलण्यात माझ्याबद्दल तक्रार होती की माझी बाजू, ते मी त्यांना कधी विचारलं नाही. पुढचे दोन महिने त्या माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या. माझं प्रकरण समज देऊन मिटवलं गेलं. शाळा मिळवून टाकायची गोष्ट त्या वर्षी पुढं सरकली नाही. अजूनही अधूनमधून निघते.

आमच्याकडं पाचवीपर्यंतच वर्ग होते, म्हणून मे महिन्याच्या अखेरीस तिची आई दाखला न्यायला आली. मुलगी बरोबर होती. परीक्षा संपल्यावर मी तिला मराठीत हाक मारली होती. तिनं ओ दिली होती, पण ती पहिल्यासारखी जवळ आली नव्हती. आताही आईच्या मागंच उभी होती. मी तिला सगळं समजावून सांगितलं होतं. समजलं, असं तिनं मानेनंच सांगितलं होतं. यापेक्षा जास्त तिच्याकडून मागायचा मला हक्क नव्हता.

दाखला कन्नडमध्ये होता. आईनं तो मुलीच्या हातात दिला. "वाच बघू, नाव बरोबर हाय का." ती अडखळत, अक्षर-अक्षर जोडत वाचू लागली. वडिलांचं नाव, गाव, जन्मतारीख. एका जोडाक्षरापाशी ती थांबली. माझे ओठ हलले. आईनं हात आडवा केला. "ऱ्हाऊ द्या बाई. वाचंल ती."

तिनं ते अक्षर तीनदा चुकवून चौथ्यांदा वाचलं.

आईनं दाखला घडी करून पिशवीत ठेवला. दारापर्यंत गेली आणि वळली. "नव्या शाळंत मराठी येणारी बाई असंल का वो?"

"नसेल," मी म्हटलं.

"बरं हाय," ती म्हणाली. मुलीचा हात धरून दोघी मैदान ओलांडून फाटकाबाहेर गेल्या. मी आत आले. जूनमध्ये येणाऱ्या वर्गाचा पट टेबलावर होता. तो मी पुढं ओढला.